जाहिरातीत २० फूट, गेटपाशी पावणेबावीस! मोटरहोमची खरी लांबी मोजायची तरी कुठून?

मागच्या हिवाळ्यात धुळ्याहून मामांचा फोन आला. पहिलंच वाक्य होतं, "भाचा, गाडी गेटमा मावस नही!"

मामा देवपुरात राहतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. एक मोटरहोम घ्यायची, मामींना घेऊन नर्मदा परिक्रमा करायची आणि सुट्टीत नातवंडांना फिरवायचं. आलेल्या पैशांतला मोठा वाटा त्यांनी एका सेकंडहँड व्हॅनवर तयार केलेल्या मोटरहोमवर लावला. जाहिरातीत लिहिलं होतं, 'लांबी २० फूट, ६ फुटी बेड'. मामा हिशेबाचा माणूस. एक फूट जास्तीचा धरून त्यांनी २१ फुटी शेड बांधली आणि पुढे गेट लावलं.

गाडी आली, शेडमध्ये शिरली, पण गेट काही लागेना. मी जळगावहून गेलो आणि टेप लावला. पुढच्या बंपरपासून मागच्या टोकापर्यंत लांबी भरली २१ फूट ९ इंच. म्हणजे पावणेबावीस! विकणाऱ्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "सर, बॉडी २० फूटच आहे. मोजून बघा."

मोजून बघितलं, तर त्याचंही बरोबर निघालं!

आता तुम्ही म्हणाल, एकाच गाडीच्या दोन लांब्या कशा? खरं तर दोन नाही, चार असतात. मोटरहोम विकत घ्यायची असो की चार दिवस भाड्याने, या चार लांब्या माहिती नसतील तर पैसेही जातात आणि पाठही दुखते. तर नेमकं प्रकरण काय आहे, सविस्तर बघूया.

आधी मोटरहोम म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे कॅराव्हॅन, कॅम्परव्हॅन, मोटरहोम हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. सरकारी भाषेत इंजिन असलेल्या अशा गाडीला 'मोटर कॅराव्हॅन' म्हणतात. तिच्यात किमान चार गोष्टी लागतात : बसायला सीट आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायला जागा. या गाड्यांच्या मंजुरीसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानकही आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यानंतर अशा गाड्यांची चर्चा वाढली आणि इन्स्टावर रील्सचा पाऊस पडला. रीलमध्ये गाडी आतून ऐसपैस दिसते, कारण वाइड अँगल लेन्समध्ये छोटी खोलीही हॉलसारखी दिसते. मग खरं माप कळणार कुठून? जाहिरातीतल्या आकड्यावरून. आणि गोंधळ सुरू होतो तो तिथेच.

लांबी नंबर १ : नावातली लांबी

मोटरहोम बहुतेक वेळा आधीपासून बाजारात असलेल्या व्हॅनवर तयार होते. या व्हॅनच्या नावात अनेकदा एक आकडा असतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरचंच घ्या. ट्रॅव्हलर ३०५०, ट्रॅव्हलर ३३५०. अनेकांना वाटतं ही गाडीची लांबी असेल. तसं नाहीये. हा गाडीचा व्हीलबेस आहे, तोही मिलिमीटरमध्ये.

व्हीलबेस म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. ३३५० मिलिमीटर म्हणजे जवळपास ११ फूट. पुढच्या चाकांच्या पुढे आलेलं नाक आणि मागच्या चाकांच्या मागे गेलेली शेपटी यात धरलेलीच नाही.

ट्रकच्या नावात तर आकड्याचा अर्थच वेगळा. टाटाच्या जुन्या १६१३ मध्ये १६ म्हणजे साधारण १६ टन एकूण वजन आणि १३ म्हणजे १३० हॉर्सपॉवरची जात. लांबीचा तिथे संबंधच नाही.

आता रावेर, सावदा, फैजपूर भागात या. केळी भरायला गाडी बोलावताना कोणी 'इतक्या व्हीलबेसची गाडी पाठवा' म्हणत नाही. '१७ फुटी पाठव', '१९ फुटी पाठव' असं म्हणतात. हे फूट कशाचे? ट्रकच्या हौद्याचे. ड्रायव्हरची केबिन त्यात नाही. म्हणजे '१७ फुटी' गाडी रस्त्यावर १७ फुटांपेक्षा बरीच लांब असते. पण शेतकऱ्यालाही ते माहिती असतं आणि ट्रान्सपोर्टवाल्यालाही, त्यामुळे भांडण होत नाही.

मोटरहोमच्या धंद्यात अजून असा सगळ्यांना माहिती असलेला ठोकताळा तयार झालेला नाही. एकजण व्हीलबेस सांगतो, दुसरा बॉडी सांगतो, तिसरा मीटरचे फूट करताना गोल आकडा करतो.

या गोल आकड्याची गंमत बघा. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. पण घाईत अनेकजण ३०० धरतात. मग ६ मीटरची गाडी '२० फुटी' होते. खरे २० फूट म्हणजे ६०९६ मिलिमीटर. जवळपास चार इंचांचा फरक इथेच पडला.

लांबी नंबर २ : कागदावरची लांबी

इथे खरी गंमत आहे. गाडीची लांबी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, असं आपल्याला वाटतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ साली आले, तेव्हा त्यातल्या नियम ९३ मध्ये लांबीची व्याख्या करताना काही गोष्टी चक्क वगळल्या होत्या. कोणत्या?

- टपावर सामान चढवायची शिडी
- मागचे दिवे आणि नंबर प्लेट
- स्टेपनी आणि तिचा ब्रॅकेट
- बंपर
- अग्निशमन गाडीची शिडी
- इतकंच काय, गाडीला लावलेली पोस्टाची पेटीसुद्धा, ३० सेंटिमीटरपर्यंतची!

पोस्टाच्या पेटीवरून कळेल की ही भाषा किती जुन्या काळातली आहे. यामागे विचार असा की गाडीचा मूळ सांगाडा मर्यादेत असावा, एखाद्या शिडीमुळे किंवा स्टेपनीमुळे ती बेकायदा ठरू नये. ते ठीकच आहे. या नियमात नंतर बदल झाले, २०२० मध्ये मापांच्या मर्यादाही नव्याने ठरल्या.

दुसरीकडे गाड्यांची मापं कशी घ्यायची याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ६१२. ते सरळ म्हणतं की पुढे-मागे बाहेर आलेलं सगळं, अगदी बंपर आणि टोइंग हूकसुद्धा, लांबीत धरा.

म्हणजे एकाच गाडीचे दोन वेगळे आकडे येऊ शकतात आणि दोन्हींच्या मागे कुठला ना कुठला नियम उभा असतो. विकणारा साहजिकच त्याच्या सोयीचा आकडा छापतो.

लांबी नंबर ३ : रस्त्यावरची लांबी

भिंतीला, गेटला आणि मागच्या गाडीला कुठलाच नियम माहिती नसतो. त्यांना लागतं ते गाडीचं शेवटचं टोक.

मामांच्या गाडीचा हिशेब असा निघाला. पुढच्या बंपरपासून मागच्या पत्र्यापर्यंत २० फूट २ इंच. शिडी त्याच्या ५ इंच बाहेर. स्टेपनी ११ इंच बाहेर. आणि नातवाच्या सायकलीसाठी हौसेने लावून घेतलेला कॅरियर, मिटलेला असतानाही, १९ इंच बाहेर.

इथे एक चूक टाळा. या सगळ्यांची बेरीज करायची नसते. जे सर्वात जास्त बाहेर आलंय, तेवढंच धरायचं. म्हणून २० फूट २ इंच अधिक १९ इंच, म्हणजे २१ फूट ९ इंच. मामा म्हणाले, "कॅरियर काढून टाकू." काढला. तर स्टेपनी पुढे आली आणि गाडी २१ फूट १ इंच झाली. शेड २१ फूट. एका इंचाने गेट पुन्हा अडलं!

'अहो, एक-दीड फुटाने काय होतं?' असं वाटत असेल, तर एक उदाहरण बाहेरचं बघू. अमेरिकेत मोटरहोमचं वेड मोठं आहे आणि हा गोंधळही तिथे जुना आहे. गाडीच्या मॉडेलच्या नावात २२, २४ असे आकडे असतात आणि खरी लांबी त्यापेक्षा वेगळी निघते. तिथल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये 'गोइंग-टू-द-सन' नावाचा डोंगरातला अरुंद रस्ता आहे. त्याच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब आणि ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. आणि नियमातच स्पष्ट लिहिलंय की लांबी बंपर धरून आणि रुंदी आरसे धरून.

मामांची गाडी तिथे नेली असती तर? जाहिरातीतली २० फुटी गाडी आत गेली असती. खरी गाडी नाक्यावरूनच परत फिरली असती.

लांबी नंबर ४ : आतली लांबी

बाहेरून २० फूट, मग आत राहायला किती? मामांच्या गाडीत ड्रायव्हर सीटच्या पाठीपासून मागच्या भिंतीपर्यंत मोजलं. साडेबारा फूट. बाकीची जागा इंजिन, डॅशबोर्ड आणि पुढच्या सीट्सनी खाल्ली. याच साडेबारा फुटांत ओटा, सिंक, टॉयलेट, कपाट आणि बेड बसवायचा.

बेडचं माप तर अजूनच फसवं. '६ फुटी बेड' मोजला तर ५ फूट ८ इंच भरला. मामांची उंची ५ फूट १०. पहिल्या रात्री ते कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपे झोपले आणि मामी पुढच्या सीटवर.

हे चार इंच गेले कुठे? बेड गाडीत आडवा होता, एका बाजूच्या पत्र्यापासून दुसऱ्या बाजूच्या पत्र्यापर्यंत. गाडी रिकामी असताना हे अंतर सहा फूट होतं. मग उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना इन्सुलेशन लागलं, त्यावर प्लायवूड आणि सनमायका लागला. एका बाजूचे दोन इंच, दुसऱ्या बाजूचे दोन इंच. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे इन्सुलेशन टाळता येत नाही. चूक इन्सुलेशन लावण्यात नाही. ते लावायच्या आधीचं माप जाहिरातीत छापलं, ही चूक.

घाटात कुठली लांबी मोजायची?

गाडी शेडमध्ये बसली म्हणजे ती घाटातही वळेल असं नाही. खानदेशातून फिरायला निघालं की घाट आलाच. चाळीसगावहून संभाजीनगरकडे जाताना कन्नडचा घाट लागतो, शहाद्यावरून वर तोरणमाळला जातानाही वळणावळणाचा घाट आहे. अशा वळणांवर एकूण लांबीपेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या असतात.

पहिली, व्हीलबेस. तो जितका मोठा, तितकी गाडी वळायला जास्त जागा मागते. शिवाय वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत न जाता आतल्या बाजूने जातात. आत गटार किंवा दगड असेल तर मागचं चाक त्यात.

दुसरी, शेपटी. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा जो भाग राहतो त्याला ओव्हरहँग म्हणतात. गाडी उजवीकडे वळली की ही शेपटी डावीकडे फिरते. कठड्याला लागते ती हीच, पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचा आरसा मोडते ती हीच. नियम ९३ मध्ये यावरही बंधन घातलं गेलं. शेपटी व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. म्हणजे ३३५० व्हीलबेसला जास्तीत जास्त २०१० मिलिमीटर, साधारण साडेसहा फूट.

म्हणून 'बॉडी मागे अजून दोन फूट वाढवून देतो' असं कोणी म्हणालं, तर सावध व्हा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. आरटीओची मंजुरी नसेल तर पासिंग अडेल आणि अपघात झाल्यावर विम्याचा वाद होईल तो वेगळाच. तुमचा नंबर एमएच-१८ असो की एमएच-१९, नियम तोच.

पाच मिलिमीटरची किंमत

लांबीच्या आकड्यात किती ताकद असते ते बघायचं तर साध्या कारकडे बघा. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या कारवरचा एक्साइज कर कमी झाला. अट अशी की लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि इंजिनही ठरलेल्या मर्यादेत हवं. पहिली स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटरची होती. २०१२ मध्ये नवी आली ती ३९९५ ची. डिकी कापलेली वाटते असं लोक म्हणाले, पण गाडी तुफान चालली. त्यानंतर कितीतरी गाड्या ३९९५ वर येऊन थांबल्या. बरोबर पाच मिलिमीटर कमी!

ही रेषा आजही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या कारवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापेक्षा मोठ्या कारवर ४० टक्के. म्हणजे जिथे लांबीवर कर ठरतो, तिथे कंपन्या मिलिमीटरपर्यंत अचूक माप देतात. जिथे फक्त ग्राहकाची सोय अडकलेली असते, तिथे 'साधारण २० फूट' चालून जातं.

मग ही फसवणूक म्हणायची का?

प्रत्येक वेळी नाही. 'बॉडी लांबी २० फूट' असं लिहिलं असेल आणि बॉडी खरंच तेवढी असेल, तर आकडा खोटा नाही, अपुरा आहे. पण नुसतं 'लांबी २० फूट' लिहिलं आणि गाडी दीड फूट जास्त निघाली, किंवा 'सहा फुटी' बेड पावणेसहा फुटांचाही भरला नाही, तर प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात मानली आहे. तुम्ही काय करू शकता?

- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवता येते.
- जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. जळगावलाही आहे, धुळ्यालाही आहे. विकणारा पुण्या-मुंबईचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.
- जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार चालते. ५ लाखांपर्यंत फी लागत नाही.
- मुदत दोन वर्षांची आहे.

पण यासाठी हातात पुरावा लागतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, कोटेशन, सगळं जपून ठेवा. मामांकडे जाहिरातीचं कात्रण होतं, पण मापांबद्दलचं सगळं बोलणं फोनवर झालेलं. कोटेशनवर लांबीचा रकाना होता, तो कोरा.

घरच्या घरी लांबी कशी मोजायची?

यासाठी इंजिनिअर लागत नाही. एक टेप, खडू आणि दोरीला बांधलेला नट पुरे.

१. गाडी सपाट जागेवर उभी करा. टायरमध्ये हवा पूर्ण असू द्या.
२. पुढच्या सर्वात बाहेर आलेल्या टोकावरून दोरी सोडा. नट जमिनीला टेकेल तिथे खडूने खूण करा. गवंडी ओळंबा वापरतो, तसंच.
३. मागेही तेच करा. पत्र्यावरून नाही, तर स्टेपनी, कॅरियर, हूक यापैकी जे सर्वात बाहेर असेल त्यावरून.
४. गाडी पुढे घ्या आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने सरळ मोजा. गाडीच्या अंगावरून टेप फिरवला तर माप चुकतं.
५. आत जाऊन बेडवर पाठ टेकून झोपा. लाजू नका. हजारो रुपये भाडं किंवा लाखो रुपये किंमत देताय.
६. त्याच फेरीत उंचीही घ्या. टपावर एसी किंवा सोलर पॅनल बसवलं की गाडी उंच होते आणि रेल्वेच्या बोगद्याखाली अडकते.

आणि गाडी दूरच्या गावी असेल, बघायला जाणं शक्य नसेल, तर हा मेसेज कॉपी करून पाठवा :

"कृपया ही पाच मापं मिलिमीटरमध्ये लिहून द्या. १) व्हीलबेस. २) बंपर, स्टेपनी, शिडी सगळं धरून एकूण लांबी. ३) मागच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या टोकापर्यंत. ४) ड्रायव्हर सीटच्या मागची आतली लांबी. ५) पॅनेलिंग झाल्यानंतरची बेडची लांबी."

मिलिमीटरच का? एक तर आपल्या कायद्याने मेट्रिक मापंच प्रमाण मानली आहेत. आणि दुसरं, मिलिमीटरमध्ये 'साधारण' म्हणता येत नाही. जो माणूस ६१४७ लिहून देतो, त्याने टेप लावलेला असतो. जो '२० फूट फिक्स' म्हणतो, त्याने बहुतेक लावलेला नसतो.

आणि मामांचं काय झालं?

स्टेपनी मागच्या दारावरून काढून पुन्हा गाडीखाली, तिच्या मूळ जागी गेली. सायकल कॅरियर ओट्यावर पडून आहे. आता मागे फक्त शिडी बाहेर येते, म्हणून गाडी २० फूट ७ इंच आहे आणि गेट लागतं. बेड मात्र सुताराकडून नव्याने करून घ्यावा लागला. आडवा होता तो उभा केला, त्यासाठी एक कपाट काढलं. हा खर्च मामांच्याच खिशातून गेला, कारण बेडचं माप कुठेही लिहून घेतलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात आम्ही सगळे अजिंठ्याला गेलो. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावून लेणीपर्यंत बसने जायचं असतं. पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना तिथल्या पोराने विचारलं, "काका, लांबी किती?"

मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "कुठून कुठपर्यंत?"

तुम्हीही जाहिरात बघाल तेव्हा एवढंच विचारा.